कोरडा झाडू

"थांब बाई, आधी पानी मारू दे. ही सगळी धूळ तुझ्या मालात चालली," असं म्हणत सुलतानबी बादली घेऊन नळाकडे निघाली. धुरपताबाईने हातातली चाळणी खाली ठेवली आणि मागोमाग उठली.

"दोघी धरू की. एकटी कशाला कंबर मोडून घेतीस?"

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सुलतानबी झाडायला लागली तेव्हा तिची अफसाना पाळण्यात होती. आता अफसानाच्या मुली शाळेत जातात. सौदे आटोपून पोती उचलली की फरशीवर सांडलेलं धान्य झाडणारीचं, असा इथला रिवाज. तो कुणी ठरवला नाही आणि कुणी मोडलाही नाही. त्या सांडलेल्यावरच तिचं घर चाललं. नवरा लालमहंमद इथेच हमाल होता. धुळीनं त्याची छाती पोखरली. शेवटी शेवटी खोकल्यातून उसंत मिळाली की तो एकच सांगायचा, "पानी मारल्याबिगर झाडू नको." एखाद्या दिवशी सुलतानबीचा चहा चुकेल, पण पाण्याचा सडा चुकायचा नाही.

धुरपताबाई चाकूरकडची. दोघींची ओळख याच आठवड्यातली. पण एका ढिगाशी बसून चाळायला लागलं की ओळख जुनी व्हायला कितीसा वेळ लागतो? नवरा गेल्यावर शेत धुरपताबाईच्या नावावर झालं आणि सरकारी खरेदी केंद्राचा मेसेज पहिल्यांदाच तिच्या नावानं आला. तो तिनं शेजारच्या पोराकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला होता. बाजारात सोयाबीन पार मातीमोल झालेलं, केंद्रावर मात्र हमीभाव. तो हाती पडला की लेकीला, तनुजाला, परत नर्सिंगच्या होस्टेलवर पाठवायचं होतं. फी थकली म्हणून पोर दिवाळीपासून घरी बसून होती.

मोंढ्यातल्या त्या केंद्रावर माल तपासणारा राघवेंद्र सकाळीच म्हणाला होता, "मावशी, माती लई आहे. चाळून आणा. उद्या खरेदीचा शेवटचा दिवस आहे." म्हणून शेडबाहेरच्या फरशीवर ढीग ओतून दोघी चाळत बसल्या होत्या.

"यंदा तेल जरा सस्तं झालं तर मी खुशीत दोनदा भजे तळले," सुलतानबी चाळता चाळता म्हणाली. "मला काय ठाऊक, तेच तेल तुझा भाव पाडून ऱ्हायलं."

"भाईरून येतंय म्हनं, जहाजानं. खानाऱ्याला सस्तं पायजे, पिकवनाऱ्याला भाव पायजे. सरकारनं तरी कुनाकडं बघावं?"

"इकडं यावं, दोघी एकाच जागी बसल्यात की!" सुलतानबी म्हणाली, आणि दोघी तोंडाला पदर लावून हसल्या.

मग त्यांनी ढिगाच्या चहूबाजूंनी पाणी मारलं. धूळ बसली. चाळलेलं सोयाबीन स्वच्छ, पिवळंधमक दिसायला लागलं. वरून दव पडू नये म्हणून धुरपताबाईनं ताडपत्री नीट ओढून घेतली. खाली मात्र उघडी फरशी होती, आणि ती पाणी पीत होती. ते कुणाच्या ध्यानात यावं?

सकाळी राघवेंद्रनं ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठ काढली आणि ओल मोजायच्या यंत्रात टाकली. आकडा बघितला. त्यानं माल वरखाली करून पुन्हा मूठ काढली.

"ओल आहे, मावशी. बारा टक्क्यांच्या वर घेता येत नाही."

"मग वजनात काप की, बाबा!" सुलतानबी मध्येच बोलली. "व्यापारी न्हाई का कापत? ओल असली तर कापतो, पन माल घेतो."

"इथं कापणं नसतं, चाची. घ्यायचा, नाही तर परत करायचा. मी घेतला तरी गोदामातून माघारी येतो. पाचपर्यंत वाळवा, मी थांबतो."

दोघींनी सोयाबीन पातळ पसरलं. दिवसभर हातानं खालीवर करत राहिल्या. नेमकं आभाळ आलेलं. ऊन दोन-चारदा डोकावलं आणि घाईतल्या पाहुण्यासारखं निघून गेलं. पाच वाजता आकडा बाराच्या जरासाच वर होता. राघवेंद्रनं तीनदा बघितलं. मग त्यानं कॉम्प्युटर बंद केला आणि मान खाली घालून यंत्र पुसत बसला. त्याच्यावर चिडावं तरी कसं, हे धुरपताबाईला कळेना.

"पानी मी मारलं," सुलतानबी एकदम म्हणाली. "माझ्या हातानं तुझ्या पोरीचं वाटोळं केलं मी."

"गप ग. बादली मीच धरली व्हती की." धुरपताबाई ढिगाकडेच बघत होती. मग म्हणाली, "तनुजाला काय सांगू, तेवढं सांग."

सुलतानबी खाली वाकून पसरलेलं सोयाबीन पोत्यात भरायला लागली.

माल वीरण्णा आडत्याकडे गेला. त्यानं पडेल तो भाव दिला, वर ओलीपायी वजनही कापलं. पण माणूस वाईट नव्हता. दोघींना चहा पाजला, आणि तेलाच्या कारखान्यांनीच खरेदीत हात आखडता घेतलाय म्हणून स्वतःचंच गाऱ्हाणं सांगत बसला. पोती उचलली गेली. फरशीवर नेहमीपेक्षा जास्त सोयाबीन सांडलं होतं. सुलतानबीनं ते गोळा केलं, पाखडलं आणि धुरपताबाईच्या पिशवीत ओतायला गेली.

धुरपताबाईनं पिशवीचं तोंड मुठीत आवळलं. "न्हाई. खाली पडलेलं तुझं. तेवढं तरी जिथल्या तिथं ऱ्हाऊ दे."

चाकूरची एसटी सुटताना तिनं खिडकीतून हात हलवला. रिकामी पोती तिनं घडी घालून मांडीवर घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राच्या शेडला कुलूप होतं. बाहेरच्या फरशीवर मागं राहिलेल्या कुणाकुणाचे ढीग होते. आता तेही व्यापाऱ्यांच्याच दारात जायचे. सुलतानबी झाडू घेऊन आली. नळाखाली बादली उपडी पडली होती. तिनं ती उचलली, घटकाभर हातात धरली आणि पुन्हा होती तशी उपडी ठेवली.

ती कोरडंच झाडायला लागली. धुळीचा लोट उठला. पलीकडून एक हमाल खोकत ओरडला, "अवो चाची, पानी मारा की!"

सुलतानबीनं पदर नाकातोंडावर घट्ट बांधला. एका ढिगापाशी ती वाकली, कडेला घरंगळलेले दाणे हातानं आत सारले आणि खोकत खोकत पुढे झाडत गेली.