अनसीन पॅसेज आणि मूठभर ज्वारी

भाषा माणसाला माणसाशी जोडते, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. ते खरंच असणार. थोर माणसं उगीच बोलत नाहीत. नळदुर्गच्या सरकारी शाळेतल्या महारुद्र मास्तरांना मात्र भाषेनं आजवर फक्त परीक्षांशी जोडलं होतं. नोकरीला लागताना उर्दूची परीक्षा, नोकरी कायम होताना फारसीची, आणि आता शेहेचाळिसाव्या वर्षी, मिशा पांढऱ्या झाल्यावर, इंग्रजीची.

लढाईचे दिवस होते. जगात मोठमोठी शहरं पडत होती आणि हैदराबादेत हुकूम निघत होते. त्यातला एक फिरत फिरत नळदुर्गला आला. शाळेत कुठलाही विषय शिकवणाऱ्या प्रत्येक मास्तरानं इंग्रजीची परीक्षा द्यावी. जो नापास होईल त्याला तेलंगणात, जंगलाकडेच्या एका नव्या शाळेवर पाठवण्यात येईल. त्या जंगलातल्या पोरांनी काय पाप केलं होतं, ते हुकुमात लिहिलेलं नव्हतं.

मास्तर पहिली-दुसरीला मराठी आणि पाढे शिकवत. पाढ्यांना इंग्रजी लागत नाही, हे त्यांनी हेडमास्तरांना सांगून पाहिलं. हेडमास्तर म्हणाले, "मलाही ठाऊक आहे. पण हे मी कुणाला सांगू?"

जंगलाचं भय मास्तरांना नव्हतं. भय वेगळंच होतं, आणि ते घरात दोघांपलीकडे कुणाला माहीत नव्हतं. त्यांच्या बायकोची, मथुराबाईची, नजर जात चालली होती. सोलापूरच्या डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं की डोळ्याची नस वाळतेय, इथं चष्म्याचं काम नाही. तेव्हापासून दोन वर्षं ती ह्या घरात अशी वावरत होती, की शेजारणींना शंकासुद्धा आली नव्हती. चुलीकडून रांजणाकडं जाताना ती ठेचाळत नसे. परसातल्या आडाचं पाणी तिनं कधी सांडलं नाही. घर तिला पाठ होतं, पोरांना पाढे असतात तसं. नवं गाव, नवं घर, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून, तेही अंधारात. ह्यावर नवराबायको बोलत नसत. मास्तर फक्त इंग्रजीचा अभ्यास करू लागले.

शिकवायला शरणप्पा मास्तर होते. शाळेतले इंग्रजीचे हे एकटेच मास्तर. वय पंचवीस, घरी कानडी, शिक्षण उर्दूत, बोलणं मराठी आणि तोंड कुठल्याच भाषेत न थांबणारं.

"मास्तर, ह्या पेपरात दोनच भुतं हायत," तो म्हणाला. "एक फिगर ऑफ स्पीच, आन् दुसरं अनसीन पॅसेज. बाकी सगळं पाठ करून निभतंय."

"अनसीन म्हणजे?"

"न पाहिलेला उतारा. कुठल्या तरी पुस्तकातनं मधलाच तुकडा काढून पुढ्यात टाकत्यात. वाचायचा, आन् खालच्या प्रश्नांची उत्तरं त्यातनंच हुडकून द्यायची. आपल्या डोक्यातलं काय बी घालायचं न्हाय."

"डोकं वापरायचंच नाही?"

"तुमी सरकारी नोकर हाय की. जमंल."

फिगर ऑफ स्पीचपासून सुरुवात झाली. शरणप्पाला ते सगळं उर्दूतून आलं होतं. सिमिली म्हणजे तश्बीह, मेटाफर म्हणजे इस्तिआरा. मास्तर ते मनाशी मराठीत आणून उपमा आणि रूपक करत. एका साध्या चेहऱ्याला चंद्र म्हणायचं, तरी वाटेत दोन ठिकाणी करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर थांबून गाडी तपासून द्यावी लागे.

घरी उजळणी सकाळी चाले, शाळेच्या आधी. मथुराबाई सूप घेऊन ज्वारी निवडत बसे. खडा तिच्या बोटांना दिसे.

"अगं, तू चंद्रासारखी आहेस," मास्तर म्हणाले.

सुपातला हात थांबला. "काय फोडलं का तुमी?"

"काही नाही फोडलं. ही सिमिली."

"असं व्हय."

"आता ऐक. तू चंद्र आहेस."

"आत्ता तर सारखी व्हते. एवढ्यात काय वाढलं?"

"सारखी काढून टाकलं की मेटाफर होतो."

"आन् न्हाय काढलं तर?"

"तर मार्क जातात."

"मंग काढा. पर एकदा काढलं की पुन्हा घालू नका," असं म्हणून ती सुपावर जरा जास्तच वाकली. लग्नाला तीसेक वर्षं झाली होती. सरकारनं हुकूम काढेपर्यंत मास्तरांना हे वाक्य सुचलं नव्हतं.

अडचण आली ती पॅसेजापाशी. शरणप्पानं सोलापूरहून उताऱ्यांचं एक जुनं पुस्तक आणलं होतं. पहिलाच उतारा एका म्हाताऱ्या धनगराचा. मास्तर डिक्शनरीत बघत, थांबत थांबत, मराठी करून वाचू लागले. बर्फ पडतंय, मेंढरू हरवलंय, म्हातारा डोंगरात वाट चुकलाय, अंगातली ऊब संपत आलीय. तेवढ्यात लांब एक झोपडी दिसते. तो कसाबसा पोचतो आणि दारावर थाप मारतो.

"मंग?" मथुराबाई म्हणाली.

"मग प्रश्न. पहिला प्रश्न, म्हाताऱ्याच्या कोटाचा रंग कोणता होता?"

"आवं, त्यो थंडीनं मराय लागलाय आन् ह्यांस्नी कोटाचा रंग सुचतोय? दार उघडलं का न्हाय?"

"ते दिलेलं नाही. उतारा तिथंच संपतो."

"असा कसा संपतोय?"

मास्तरांनी वर पाहिलं, तर तिच्या डाव्या मुठीत ज्वारी होती, घट्ट धरलेली. श्रावणात वाराची कहाणी ऐकायला बसलं की हातात दाणे घ्यायचे आणि कहाणी सुफळ संपूर्ण झाली की मगच वाहायचे, ही रीत तिच्या हाताला लहानपणापासून होती. बर्फाचं नाव निघाल्याबरोबर हातानं आपणहून दाणे उचलले होते. आणि अर्धी कहाणी टाकून उठलं तर कहाणीतली माणसं वाटेतच राहतात, असं तिची आई सांगे.

"अगं, ही कहाणी नाही. परीक्षेचा उतारा आहे."

"त्या म्हाताऱ्याला ठावं हाय का ते?"

मूठ काही उघडली नाही. एका हातानं चूल पेटली, एका हातानं पीठ काढलं. पण भाकरी एका हातानं थापता येत नाही. शाळेची वेळ होत आली. मास्तरांनी काटवटीकडं पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "बरं. दार उघडलं. आत एक म्हातारी होती. तिनं त्याला विस्तवापाशी बसवलं. कढत पिठलं वाढलं."

"त्यांच्यात पिठलं असतंय?"

"त्या घरी होतं."

"आन् मेंढरू?"

"झोपडीच्या मागंच उभं होतं. म्हाताऱ्याचा आवाज ऐकून ओरडलं."

मूठ उघडली. दाणे तुळशीत पडले. भाकरी झाली.

मग तो पायंडाच पडला. पुस्तकात जो कुणी अर्ध्यावर सोडलेला असे, त्याला मास्तर भाकरीच्या आत मार्गाला लावत. बुडत्या खलाशाला काठावर आणलं. अनाथ पोरीला मावशी मिळवून दिली. एक उतारा वाफेच्या इंजिनाच्या शोधाचा होता. त्यात अडलेलं नडलेलं कुणी नव्हतं, तरी इंजिन ठरल्या गावी पोचल्याशिवाय मथुराबाईनं दाणे सोडले नाहीत.

सवय वाईट. ती हातातून कागदावर उतरते. एकदा शरणप्पा मास्तरांची उत्तरं तपासता तपासता ताठ झाला.

"हे काय हो? म्हाताऱ्याला पिठलं मिळालं?"

"मिळालं असणारच ना."

"पॅसेजात कुठं हाय पिठलं? दाखवा बोट ठिवून!"

मास्तरांना बोट ठेवता आलं नाही.

"हे बघा," शरणप्पा आवाज उतरवून म्हणाला, "पॅसेजाच्या बाहेरची एक ओळ लिहिली तरी पॅसेजाचे सगळेच्या सगळे मार्क कापायचे, असं वरून आलंय. तुमचं पास-नापास दोन-चार मार्कांवर हाय. उगं दया दाखवाल, आन् तिकडं जंगलात पिठलं करत बसाल."

मास्तरांनी कानाला हात लावला. पुन्हा नाही.

परीक्षा धाराशिवला होती. निघताना मथुराबाईनं चाचपून त्यांच्या कोटाचा खिसा शोधला आणि आत चिमूटभर ज्वारी सोडली.

"परीक्षेत कहाणी नसते," मास्तर म्हणाले.

"असली तर? तितं म्या न्हाय. तुमीच धरा."

पेट्रोलच्या टंचाईमुळं मोटार कोळशावर चालत होती, म्हणजे बरीचशी उतारूंच्या ढकलण्यावर. अंगावर काजळी घेऊन मास्तर परीक्षेला पोचले. पोरांच्या बाकांवर जिल्ह्यातले पिकल्या केसांचे मास्तर गुडघे हनुवटीला लावून बसले होते आणि सवयीनं एकमेकांना "गडबड करू नका" म्हणत होते.

पेपर वाईट नव्हता. सिमिली ओळखली, मेटाफर ओळखला. मग पॅसेज. समुद्रकाठचं गाव. एक विधवा बाई, नजर गेलेली. पोरगा नावेवर गेलेला, कित्येक दिवस पत्ता नाही. बाई रोज खिडकीत दिवा लावून ठेवते. एका रात्री वादळ सुटतं. बाईला जिन्यावर पावलं ऐकू येतात. ती उठते, भिंतीला हात लावत जिन्याच्या तोंडाशी येते, आणि विचारते, कोण आहे? पूर्णविराम. खाली प्रश्न.

मास्तरांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, आणि ती पॅसेजातूनच दिली. तिचे केस कशासारखे पांढरे होते? फेसासारखे. दिसत नसताना ती दिवा का लावत होती? स्वतःसाठी नव्हे, येणाऱ्यासाठी. एक ओळ कमी नाही, एक ओळ जास्त नाही. शरणप्पा खूश झाला असता. मास्तरांनी टाक खाली ठेवला आणि घाम पुसायला रुमाल काढायचा म्हणून खिशात हात घातला. हाताला ज्वारी लागली.

हात खिशातच राहिला. पर्यवेक्षकाला वाटलं, म्हाताऱ्याला काही येत नाही.

जिन्याच्या तोंडाशी बाई उभी होती. भिंतीवर हात. खाली अंधार का उजेड, तिला सारखंच. मास्तरांना तो हात ओळखीचा होता. त्यांना जंगलही दिसत होतं, शरणप्पाही दिसत होता. मग त्यांनी टाक उचलला आणि उत्तराखाली, व्याकरण दोनदा तपासून, चार छोटी वाक्यं लिहिली. तो तिचा मुलगाच होता. त्याचे कपडे भिजले होते. त्यानं आईचा हात धरून तिला आत नेलं. दोघं जेवली.

बाहेर येऊन त्यांनी दाणे चिमण्यांना टाकले.

घरी आल्यावर मथुराबाईनं पेपर कसा गेला ते विचारलंच नाही. "कहाणी व्हती?"

"होती. एका बाईचा पोरगा हरवला होता."

"आला का?"

"आला."

"मंग हात धुवा. वाढते."

निकाल महिन्याभरानं आला. मास्तर दोन मार्कांनी नापास. "व्याकरण कच्चं पडलं," त्यांनी घरी सांगितलं. ते खपलंही असतं, पण संध्याकाळी शरणप्पा तणतणत आला. त्याच्या कुणा ओळखीच्यानं कचेरीत सगळं ऐकलं होतं. तपासनीसानं तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला होता म्हणे, आणि सगळे हसले होते.

"मास्तर! जिन्यात हुब्या त्या बाईच्या पोराला तुमी घरी आणलं म्हणं! सगळे मार्क गेले पॅसेजाचे! कुणी सांगितलं व्हतं तुमाला?"

मास्तर काही बोलायच्या आत मथुराबाई आतून म्हणाली, "मंग काय? बाईला तशीच जिन्यात हुबी ठिवायची व्हती?"

  शरणप्पा चहा पिऊन गेला, जाताना उंबऱ्यावरून मागं वळून म्हणाला, "सामान बांधायला येतो म्या."

तो गेल्यावर मथुराबाई बाहेर येऊन बसली.

"त्या बाईला दिसत व्हतं?"

"नाही."

"वाटलंच मला." तिनं पदराला हात पुसले. "पोरगं जेवलं ना पोटभर?"

"जेवलं."

"मंग जाऊ द्या ते मार्क. तिकडं बी घरांना भिंती असतीलच की. आठ-पंधरा दिवस तुमी पुढं चाला, म्या मागं चालते. हाताला कळंल मंग."

 मास्तर म्हणाले, "तू चंद्र आहेस."

"परीक्षा झाली न्हवं?"

"झाली."

ती हसली. ह्या वेळी वाकायला समोर सूप नव्हतं.

बदलीचा हुकूम रीतसर आला. त्यांनी भांडी पोत्यात भरली, तुळस शेजारणीला दिली, म्हैस शरणप्पाच्या घरी बांधली. निघायच्या दिवशी बैलगाडी दारात आली. मथुराबाईनं सगळ्या भिंतींवरून एकदा हात फिरवला. आणि तेवढ्यात शाळेचा शिपाई आणखी एक कागद घेऊन आला. महारुद्र मास्तरांनी पुढील हुकूम होईतो आहे तिथंच काम करावं, कारण ज्या नव्या शाळेवर नापासांना पाठवायचं होतं, ती अजून बांधलेली नव्हती.

ती पुढंही बांधली गेली नाही.