काट्यावरची भाकर

मी दुर्गाबाईंचा भाजीचा काटा बोलतोय. माझं घर अकोल्याच्या बाजारात, वांग्यांच्या ढिगाशेजारी. माझ्या आधी इथे पितळी तराजू होता. मी बॅटरीवरचा, लाल आकड्यांचा. म्हणून गिऱ्हाईक आधी मला वाकून बघायचं, मग वांगी.

दुर्गाबाईंची गीतांजली अमरावतीला विद्यापीठात शिकते. तिला धावण्याच्या संघात यायचं आहे. होस्टेलच्या मुलींसारखं तिनेही मोबाइलवर व्यायाम सांगणारं, खाणं मोजणारं अ‍ॅप घेतलं. त्याच्या सांगण्यावरून ती पहाटे उठू लागली, धावण्याआधी अंग मोकळं करू लागली. दुर्गाबाई हे कौतुकाने सगळ्यांना सांगायच्या.

पण रोज अमरावतीला अप-डाऊन करणारा शेजारचा श्याम घरून नेलेला तिचा डबा परत आणायचा, तो अर्धा भरलेलाच. शेवटी दुर्गाबाईंनी दुकानातूनच फोन लावला.

"डबा काहून वापस येते वं?"

"आई, अ‍ॅपमंदी कळण्याची भाकर नाही. किती ग्राम, इचारते. मी काय टाकू?"

म्हणून पोरगी अ‍ॅपला ओळखू येणारे पाकिटातले पदार्थच खात होती. सरावात पाय लटपटतात, हेही तेव्हाच कळलं. दुर्गाबाई बराच वेळ कोथिंबिरीवर पाणी मारत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी भर बाजारात त्यांनी माझ्यावर कागद अंथरला आणि भाकर ठेवली. वांगी घ्यायला आलेले शेषराव हसले.

"काय वो दुर्गाबाई, आता भाकरी तोलून इकता काय?"

"तुमाले नाही. पोरीच्या मोबाइलले दाखवाची हाय."

मग कळण्याच्या पिठात पडणारी ज्वारी वेगळी तोलली, उडीद वेगळे. मी इतका जपून आकडा कधीच दाखवला नव्हता. फोनवर तो सांगून दुर्गाबाई म्हणाल्या, "लिवून घे त्याच्यात. अन् त्याले नाही समजलं, तरी तू खाय."

आपला पदार्थ जोडायची सोय अ‍ॅपमध्ये होतीच. आता गीतांजलीच्या मैत्रिणींचेही निरोप येतात: झुणका तोला, आंबाडीची भाजी तोला. बाजार उठला की माझ्यावर वाट्या चढतात.

इतकं तोलून माझं एक बटण आता दोनदा दाबावं लागतं. तरी मुलांनो, मोजा जरूर. माझा जन्मच त्यासाठी. फक्त मोजता येत नाही म्हणून घरचं ताट बाजूला सारू नका.

संघाची निवड रविवारी आहे. काल श्यामने डबा आणला. दुर्गाबाईंनी तो उघडलाच नाही, सरळ माझ्यावर ठेवला. नुसत्या डब्याचं वजन भरलं. आकडा कमी आला म्हणून हसलेलं माणूस मी या बाजारात पहिल्यांदाच पाहिलं.