एकतीस प्रश्न, एकतीस उत्तरं

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना मुलं धबधबा म्हणायची. सरांच्या कानावर हे गेलं होतं आणि त्यांना ते कौतुकच वाटायचं. मी शेजारच्या वर्गात भाषा शिकवते. मधली भिंत पातळ असल्यामुळे इतक्या वर्षांत माझंही विज्ञान बरंच पक्कं झालंय. माणूस भला, फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं, आणि तोंडाला उसंत नाही.

गेल्या वर्षी वरून एक फॉर्म आला. प्रत्येक शिक्षकाने इतर शाळांतल्या शिक्षकांशी ऑनलाइन जोडून घ्यायचं आणि महिन्याच्या शेवटी लिहून द्यायचं: या महिन्यात कोणाकडून काय शिकलात? सरांनी त्यापुढे लिहिलं, "लागू नाही."

मुख्याध्यापिका बाईंनी फॉर्म परत पाठवला. सर तो घेऊन माझ्याकडे आले.

"मी शिकवायला लागलो तेव्हा यातले निम्मे लोक दुधाच्या बाटलीवर होते," ते म्हणाले. "त्यांच्याकडून मी काय शिकू?"

"नका शिकू," मी म्हटलं. "नुसते आत तर या."

मी त्यांना विज्ञान शिक्षकांच्या एका ग्रुपमध्ये घातलं. साडेतीनशे माणसं, गावोगावची, बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. कोणी विचारतं, सूक्ष्मदर्शक एकच आहे आणि मुलं साठ, काय करू? कोणी विचारतं, लिंबाच्या रसाचा प्रयोग फसतो, का? आणि ज्याला ठाऊक असेल तो सांगतो. नव्या माणसाने तीन ओळींत ओळख करून द्यायची असा तिथला रिवाज. सरांनी बेचाळीस ओळी लिहिल्या.

पहिल्या आठवड्यात त्यांनी ग्रुपवरचा एकही प्रश्न सोडला नाही. ज्यांनी विचारलं त्यांना उत्तर दिलं, ज्यांनी नव्हतं विचारलं त्यांनाही दिलं. एका बाईंनी सहज लिहिलं, "आज शाळेला सुट्टी," तर सरांनी पृथ्वी स्वतःभोवती कशी फिरते इथपासून सुरुवात केली. खाली लोक हात जोडलेली चित्रं टाकायचे.

"बघा, किती नमस्कार," सर मला फोन दाखवत म्हणाले.

हात माणूस पाया पडायलाही जोडतो आणि 'आता पुरे' म्हणायलाही जोडतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला फटही मिळाली नाही.

तो ग्रुप सांभाळणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना आजीबाई म्हणत. त्यांनी एके दिवशी लिहिलं, "सर, तुमच्याकडून बरंच घेतलं. आता तुम्ही आम्हाला काहीतरी विचारा."

सरांना विचारण्यासारखं काही सुचेना. दोन दिवस ते खरोखर बेचैन होते. शेवटी आजीबाईंनीच तोडगा काढला: तुमच्या तासाची दहा मिनिटं चित्रित करून पाठवा, आम्ही बघतो.

सरांनी फोन परीक्षानळ्यांच्या स्टँडला टेकवून ठेवला. तास उष्णतेवरचा होता. इस्त्रीचा शर्ट, नवा खडू, फर्मास आवाज. चित्रफीत पाठवून ते स्टाफरूममध्ये चहा घेत बसले. वाहवा येणार म्हणून चष्मा पुसून ठेवला होता.

पहिल्याने लिहिलं, "अक्षर फार सुंदर." दुसऱ्याने लिहिलं, "आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो." सर प्रत्येक ओळ मला वाचून दाखवत होते. मग आजीबाईंचा निरोप आला आणि ते वाचता वाचता थांबले. फोन त्यांनी माझ्याकडे सरकवला.

लिहिलं होतं: "सर, दहा मिनिटांत तुम्ही एकतीस प्रश्न विचारलेत. उत्तरं एकतीस आली. सगळी तुमचीच."

सर उठले आणि फोन प्रयोगशाळेच्या कपाटात, ॲसिडच्या बाटल्यांशेजारी ठेवून कुलूप लावून आले. ग्रुप सोडला म्हणाले. ग्रुप असा सुटत नाही, हेही मी सांगितलं नाही.

पुढचं मला त्यांच्या बायकोने सांगितलं. ती ग्रंथालयात काम करते, कमी बोलते. तिसऱ्या दिवशी सरांनी फोन घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर ती चित्रफीत पुन्हा पुन्हा बघत बसले.

"म्हातारीने मोजायला चूक केली असणार," ते म्हणाले. "तुला काय वाटतं? नाही म्हणजे, चूकच असणार."

बायको भाजी चिरत होती. "बत्तीस झाले," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"लग्नाला चोवीस वर्षं झाली. तुम्ही रोज विचारता, चहा घेणार का, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणता, नको, आत्ताच झालाय. मला चहा हवा असतो हो."

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. ती म्हणाली, मला वाटलं, यांना भोवळबिवळ आली.

त्या संध्याकाळी सरांनी ग्रुपवर पहिला प्रश्न विचारला. दोनच शब्द होते: "थांबायचं कसं?"

सगळा ग्रुप धावून आला. कोणी म्हणालं, मनात सातपर्यंत मोजा. कोणी म्हणालं, खडू खाली ठेवून हाताची घडी घाला. एका डोंगराळ गावातल्या मास्तरांनी लिहिलं, "मीही तुमच्याच जातकुळीचा. मोजून काही होत नाही, तीनला तोंड उघडतं. प्रश्न विचारला की पाण्याचा घोट घ्या आणि गिळू नका. भरल्या तोंडाने बोलता येत नाही, सर."

सरांना हा उपाय शास्त्रीय वाटला.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला माझ्या भिंतीपलीकडून सरांचा आवाज आला, "बर्फ पाण्यावर का तरंगतो?" आणि मग काहीच आलं नाही. माझ्या वर्गातली मुलं लिहायची थांबली. एकाने विचारलं, "बाई, सर गेले?"

मी जाऊन बघितलं. सर फळ्यासमोर उभे, दोन्ही गाल फुगलेले, डोळे मोठे. पन्नास मुलं त्यांच्याकडे बघतायत. पुढच्या बाकावरच्या मुलाने हळूच विचारलं, "सर, दाढ दुखतेय का?" सरांनी मान हलवली. ती होकारार्थी की नकारार्थी, हे कोणाला कळलं नाही. वर्गप्रमुख मुलगी कार्यालयात पळाली. शिपाईकाका आले, त्यांनी परिस्थिती बघून पाण्याचा पेला पुढे केला. सरांनी तो हाताने दूर सारला. मागोमाग मुख्याध्यापिका बाई आल्या.

"सर, काय होतंय?"

सरांनी फक्त एक बोट वर केलं: थांबा.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक मुलगी बोलली. तीन वर्षांत हजेरीपलीकडे तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

"सर, आमच्याकडे पाण्याची काचेची बाटली गच्च भरून फ्रीजरमध्ये राहिली होती. ती फुटली. म्हणजे पाण्याचा बर्फ झाला की तो फुगतो ना? पाणी तेवढंच, जागा जास्त. मग तो तेवढ्याच जागेतल्या पाण्यापेक्षा हलकाच असणार. म्हणून तरंगत असेल."

सरांनी घोट गिळला तो नेमका उलटा गेला. पाच मिनिटं खोकत होते. मुख्याध्यापिका बाई पाठ चोळत होत्या आणि सर खोकता खोकता त्या मुलीकडे बोट दाखवून "ही, ही" एवढंच म्हणत होते. डोळ्यांत पाणी होतं. ठसक्याचं असेल.

त्या रात्री त्यांनी ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. खाली दोनशे उत्तरं आली, आणि त्यात हात जोडलेलं चित्र एकही नव्हतं. डोंगरातल्या मास्तरांनी लिहिलं, "ठसका लागतोच. पुढच्या वेळी घोट लहान घ्या."

सर सुधारले म्हणावं तर एकदम नाही. मध्यंतरी ग्रुपवर एक नव्या बाई आल्या. दूरच्या शाळेत विज्ञानाला त्या एकट्याच. त्यांनी विचारलं, मुलं प्रश्न विचारतात आणि मला उत्तर येत नाही, अशा वेळी काय करावं? सरांनी लिहिलं, "तुम्हाला काय वाटतं?" आणि थांबले. दोन दिवस थांबले. त्या बाईंना वाटलं, सर रागावले. त्यांनी माफीचा निरोप पाठवला.

"अहो, वर्गात सात सेकंद थांबतात," मी म्हटलं. "माणसाला दोन दिवस टांगून ठेवत नाहीत."

सरांनी लगेच त्यांना फोन लावला. म्हणाले, "बाई, उत्तर मलाही येत नाही. दोघं मिळून करून बघू." आता दर बुधवारी दोन्ही वर्ग स्क्रीनवर समोरासमोर बसतात आणि एकच प्रयोग दोन गावांत एकदम होतो. परवा तिकडची मेणबत्ती विझली आणि इकडची विझेना. चाळीस मिनिटं दोन्हीकडची मुलं भांडत होती, का ते शोधत. सर मागच्या बाकावर त्या बर्फवाल्या मुलीशेजारी बसून सगळं वहीत टिपून घेत होते.