जनकाबाईच्या चिकातली साखर

साखरा गावच्या जळबाच्या पोटात गोष्ट टिकत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक. लेक फोनवर एवढंच म्हणाली होती, "बाबा, मायच्या म्हशीच्या चिकात नवी साखर सापडल्यासारखी वाटतीय." त्यातलं 'वाटतीय' जळबानं तिथंच सोडलं आणि बाकीचं गोरेगावच्या बाजारापर्यंत पोचवलं. आज त्याच्या बायकोचा, जनकाबाईचा, पहिला स्मृतिदिन. वंदना आटोपून लोक विहारात लेकीच्या सत्काराला थांबले होते, आणि लेक, म्हणजे पुण्याच्या प्रयोगशाळेत दुधातल्या साखरांवर संशोधन करणारी आकांक्षा, घरामागच्या रिकाम्या गोठ्यात फोन धरून उभी होती.

प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीनं फेरतपासणीचा निकाल कळवला होता. नवी साखर नव्हतीच.

बाई गं, किती जीव लावला होता आकांक्षानं त्या साखरेला! जनकाबाईनं स्वतःच्या हातानं पिळलेला तो शेवटचा चीक. तिनंच नळीत भरून, बर्फात ठेवून लेकीसोबत धाडला आणि पुढच्या महिन्यात ती गेली. साखरेला मायचं नाव द्यायचं, हे आकांक्षानं मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

काय दिवस होते ते! म्हैस व्याली की जनकाबाई वाट्या भरभरून चीक घरोघर धाडायची. न्यायला पोर आकांक्षाच. वाटी कुणी रिकामी परत देत नसे; चिमूटभर का होईना, साखर घालूनच द्यायची. संध्याकाळी अख्ख्या गल्लीत खरवसाचा वास, आणि चुलीपुढं बसलेली माय.

तिनं बापाला हाक मारली. नवा सदरा घातलेला जळबा आला.

"काहून गं? लोकं वाट पाहून राहिले."

"बाबा, ती साखर नवी न्हाई. मशीननं फसवलं."

"मशीन कसं फसवंल? ते काय मानूस हाय?"

"तुमाला पेमामावशीची वाटी आठवती?"

जळबाला त्या तसल्या वेळीही हसू आलं. एकदा टोपलीतून वाट्या आणताना आकांक्षा ठेचकाळली होती आणि शेजारच्या राणीच्या घरची साखर पेमाच्या वाटीत सांडली होती. जनकाबाई पेमाचं तोंड भरून कौतुक करून आली आणि राणीच्या मायशी मात्र रिकाम्या वाटीपायी चांगली आठवडाभर घुश्श्यात राहिली!

"तसंच झालं," आकांक्षा म्हणाली. "आमचं मशीन साखरेच्या साखळीचे तुकडे करून वजन करतं. त्या धामधुमीत फ्युकोज नावाची एक बारकी साखर आपली जागा सोडून शेजारच्या फांदीवर जाऊन बसली. वजन बराबर तेवढंच. बघणाऱ्याला वाटावं, ती पहिल्यापासून तिथलीच. मग सोडियम लावून परत तपासलं, त्यानं ती जागची हलत न्हाई. तर ती जुन्याच जागेवर निघाली. समद्या म्हशींच्या चिकात असती, तीच साखर."

जळबा दगडावर टेकला.

"परत तपासाया कोनी लावलं तुला?"

"कुणीच न्हाई."

"आन न्हाई तपासलं असतं तर?"

"छापून आलं असतं. मायच्या नावासकट."

"मंग काहून तपासलं गं लेकरा?" म्हातारा म्हणाला. "मला वाटलं व्हतं, जनकाचं कायतरी ऱ्हायलंय मागं."

"मलाबी तेच वाटत होतं, बाबा. मला ती साखर लई पाहिजे होती. एवढी पाहिजे होती, म्हणूनच शंका आली."

जळबानं तिचं डोकं छातीशी धरलं आणि दोघंही हमसून रडले. माय गेली त्या दिवशी पाहुण्यारावळ्यांच्या गर्दीत हे असं रडणं राहूनच गेलं होतं.

विहारातून कुणीतरी हाक दिली. आकांक्षा डोळे पुसून निघाली, तर जळबानं तिला मागं सारलं.

"तू थांब. बोंब मी मारली, मीच सांगतो."

तो लोकांपुढं जाऊन उभा राहिला. एरवी माईक हातात आला की सोडवत नसे त्याला. आज त्यानं तो बाजूलाच ठेवला.

"लेकीची साखर नवी न्हाई निघाली," तो म्हणाला. "तिनं सोताच परत तपासून पाह्यलं." मग म्हणाला, "आन जनका... जनका आता न्हाई."

वर्षभरात हे त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं.