धावपट्टीवर घण पडले तेव्हा

मी एक जुने विमान आहे. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून शिवलेले कापड, एकावर एक असे दोन पंख आणि नाकाशी लाकडी पंखा, एवढाच माझा देह. मित्रांनो, विमानाला भीती असते ती गोळीची, वादळाची, हवेत बंद पडणाऱ्या इंजिनाची. मलाही तीच होती. पण जे मी भर उन्हात, जमिनीवर उभे राहून पाहिले, त्याची कल्पना मला कधीच आली नव्हती.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तेथे बायका रांगेने बसून माझ्या पंखांवर कापड शिवत. मग मोठाल्या पेट्यांत भरून मला बोटीने या देशात आणले, पुन्हा जोडले, आणि मी नव्या वैमानिकांना उडायला शिकवू लागलो. पुढे दुसरे महायुद्ध ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपले. तेव्हा आमगावच्या बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेते, सपाट करून एक धावपट्टी तयार झाली. लढाईची मोठी विमाने तेथे आली. टपाल आणि औषधे पोचवण्यासाठी मलाही तेथेच पाठवले.

तेथे मला टेकचंद भेटला. तो आधी गोंदियाला रेल्वे इंजिनांवर फिटर होता, युद्धात विमानांचा मेकॅनिक झाला. धावपट्टीखाली गेलेल्या बांध्यांपैकी दोन त्याच्या बापाच्या होत्या. त्याबद्दल तो कधी बोलत नसे. पेट्रोल मऊ कातड्यातून गाळल्याशिवाय तो माझ्या टाकीत ओतत नसे. धान कापल्यावर उंदीर माझ्या पंखांत शिरत. मग तो कापड उसवून त्यांची घरटी काढी, ठिगळ लावी आणि त्यावर उग्र वासाचे रोगण फिरवी. मोठ्या विमानांचीही तो अशीच निगा राखी. त्यांची चकचकीत अंगे पाहून मला मात्र स्वतःची लाज वाटे.

एकदा नवेगाव बांधच्या तलावावरून जाताना माझे इंजिन अडखळू लागले. मला चालवत होता आमच्या विमानतळाचा प्रमुख, गोरा साहेब. त्याने कसेबसे मला काठच्या कोरड्या माळावर उतरवले. निरोप मिळताच टेकचंद हत्यारांची पेटी घेऊन आला. पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला होता. तो काढून त्याने मला पुन्हा उडते केले. साहेबाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तुझ्या हातची विमाने आहेत म्हणून मी निर्धास्त झोपतो, असे तो म्हणाला. टेकचंदने ते घरी जाऊन बायकोला, शामकलाला, सांगितले आणि पुढे कितीतरी दिवस तो शीळ घालत काम करी.

मग युद्ध संपले. आम्हा सगळ्यांना वाटले, आता सुखाचे दिवस आले.

एके सकाळी साहेबाने सर्वांना धावपट्टीवर बोलावले. मोठी विमाने दुसऱ्या देशाकडून लढाईपुरती आणलेली होती, असे त्याने सांगितले. ती परत न्यायची नव्हती आणि दुसऱ्या कोणाला द्यायचीही नव्हती. तसा करारच होता. म्हणून ती आजच्या आज मोडायची होती.

शिपायांनी घण आणि कुऱ्हाडी आणून जमिनीवर टाकल्या, तरी मला वाटले, माझ्या ऐकण्यात चूक झाली आहे.

टेकचंद एका मोठ्या विमानापुढे जाऊन उभा राहिला. "साहेब, कालच याचं इंजिन बसवलं मी. एकदम चांगलं चालून राहिलं. आता तोडाले कायले सांगता?"

साहेब म्हणाला, हुकूम आहे.

"आमच्या बांध्या घेतल्या तवा म्हणले, हवाई जहाजांसाठी पाहिजेत. आता जहाजंच नको म्हणता?"

साहेबाने शिपायांकडे हात केला. पहिला घण पडला तो त्याच विमानाच्या काचेवर. तो आवाज ऐकून टेकचंद धावला आणि शिपायाचा हात धरून म्हणाला, "मारू नको. मी खोलतो."

मग त्याने त्या विमानाचा एकेक बोल्ट सोडवला. पंख उतरवले, इंजिन उतरवले, सगळे भाग पुसून ओळीने गवतावर मांडले. मला वाटले, आता हे भाग कुठेतरी जपून ठेवतील. त्यालाही तसेच वाटत असावे. इतक्यात साहेबाने घड्याळ पाहिले आणि ट्रकवाल्याला खूण केली. ट्रक त्या ओळीवरून गेला. मागे वळून पुन्हा गेला. टेकचंदच्या हातात पाना तसाच राहिला.

त्यानंतर त्याने कशालाही हात लावला नाही. दुपारभर घण पडत राहिले. शत्रूने ज्यांना ओरखडासुद्धा काढला नव्हता, ती तरणीताठी विमाने त्यांच्याच माणसांनी फोडली. संध्याकाळी त्या ढिगाला आग लावली. माझ्याही कापडावर राख येऊन बसली.

माझी पाळी आली नाही. मी त्या करारात नव्हतो. साहेब म्हणाला, हे म्हातारे आपोआपच मरेल. टेकचंदने मला मागून घेतले. माझे इंजिन काढून उरलेला सांगाडा त्याला दिला. पंख सोडवून, बैलगाडीवर घालून त्याने मला घरी आणले.

शामकला दारातच उभी राहिली. धान ठेवायला जागा नाही आणि हे कुठे ठेवता, म्हणून ती खूप बोलली. शेवटी गोठ्याची एक बाजू तिनेच रिकामी केली आणि माझे पंख माझ्या दोन्ही अंगांना टेकवून ठेवले. टेकचंद गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये कामाला लागला. रोज घरी आला की तो आधी माझी धूळ पुसतो.

काल शामकलाने त्याला विचारले, "हे आता उडणार नाही. मग रोज काऊन पुसता?"

फडके झटकून तो म्हणाला, "त्या दिवशी मी सगळं पुसून मांडलं होतं. अजून हात थांबून नाही राहिले."

शामकलाने दुसरे फडके घेतले आणि ती माझ्या पलीकडच्या पंखाशी जाऊन उभी राहिली.

मित्रांनो, मला पुन्हा आकाश नको. एवढेच मागतो की एखादी वस्तू मोडायला निघाल, तेव्हा ती ज्याने सांभाळली त्याच्या हातांकडे आधी एकदा पाहा.