दहा सह्या

पक्षाच्या चिटणीसाने सकाळी पुन्हा तेच सांगितलं.

"मास्तर, यंदा तिकीट नाही. बाहेरून आलेला उमेदवार म्हटलं की मतदार बिचकतात. पुढच्या वेळी नक्की."

"तेवीस वर्षं झाली मला इथे. माणूस आत कधी येतो म्हणायचा?"

चिटणीस नुसता हसला, आणि झेंड्यांची शिवण पक्की घाला म्हणाला.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. अकरा वर्षं त्यांनी पक्षाचे झेंडे शिवले, सभांना माणसं बसवली. फोटोत यायचं ते त्यांचं कोपर. दुकानात येऊन त्यांनी अर्धवट झेंडा मशीनवरून ओढून काढला.

"अपक्ष उभा राहतो."

"सुचलं एकदाचं," बायको काजं करता करता म्हणाली. "अर्ज कधीपर्यंत?"

"आज पाचपर्यंत. वॉर्डातल्या दहा मतदारांच्या सह्या हव्यात. दहा काय, आपली शंभर माणसं आहेत."

ग्यानबाची मेख तिथेच होती. ती शंभर माणसं पक्षाची सदस्य होती, आणि सदस्याने अपक्षाच्या अर्जावर सही केली की सदस्यत्व रद्द. मग घराच्या, शाळेच्या कामाला पक्षाचं शिफारसपत्र मिळायचं नाही. बरं, हे सदस्यत्वाचे फॉर्म भरले कुणी? मास्तरांनीच, वळणदार अक्षरात, घरोघर फिरून.

"तुम्हीच म्हणालात, कार्ड जिवापाड जप," बेकरीवाला म्हणाला. "जपतोय."

सख्ख्या मेहुण्याने चहा पाजला. "दाजी, मत तुम्हालाच. सही तेवढी मागू नका, पोरीच्या शाळेचं पत्र यायचंय."

दुपारी दोन वाजता मास्तर हात हलवत परतले.

"माझ्याच हाताने माझे पाय बांधले मी."

"मी कुठे सदस्य आहे?" बायकोने अर्ज ओढला. "तीनदा फॉर्म आणलात, तिन्ही वेळा मागच्या बाजूला ब्लाउजची मापं लिहिली." तिने सही ठोकली. "आता तुम्ही ज्यांना भांडखोर म्हणून सदस्यांच्या यादीतून वगळलंत, त्यांच्याकडे जा."

मास्तरांना त्या दारांत जायला तोंड नव्हतं. पण गरजवंताला अक्कल नसते. ज्याची पँट चार बोटं आखूड कापली होती, त्या बसड्रायव्हरने आधी पँट घालून दाखवली आणि मग सही केली. इस्त्रीवालीने जुनं भांडण पहिल्यापासून सांगितलं, मध्ये 'हो' म्हणवून घेतलं आणि शेजारणीलाही सहीला बोलावलं. असं करत करत साडेचारला नऊ झाल्या.

उरल्या वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई. जन्मापासून इथल्याच. मशीनच्या आवाजाबद्दल त्यांनी चार लेखी तक्रारी केल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून अर्ज पहिल्या ओळीपासून वाचला. घड्याळ पुढे सरकत होतं.

"पक्ष कुठला?"

"कुठलाच नाही, बाई."

"बरं झालं. दुपारी दोन ते चार मशीन बंद."

"निवडून आल्यावर नक्की."

"उद्यापासून. 'आल्यावर' हे शब्द मी फार ऐकलेत."

मास्तरांनीही ऐकले होते. अकरा वर्षं. "उद्यापासून," ते मान खाली घालून म्हणाले.

पाचला सहा मिनिटं असताना निवडणूक कचेरीतल्या कारकुनाने सह्या मोजल्या, मतदार यादीशी ताडून पाहिल्या आणि शिक्का मारला.

"दहाही तुमचे कार्यकर्ते?"

"एक बायको," मास्तर घाम पुसत म्हणाले. "बाकी नऊजणांच्या माझ्याबद्दल तक्रारी आहेत."

"आणि बायकोची?"

"तिची कुठल्या कागदावर मावायची?"