भरलेलं जहाज

सामुद्रधुनी सुखरूप पार झाल्याचा हरेशचा मेसेज आला आणि उज्वलाचा जीव भांड्यात पडला. नवरा तेलाच्या जहाजावर पंपमन. आखातात लढाई पेटल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि टीव्हीवरची मंडळी तर पाणबुड्यांची नावं लग्नातल्या पाहुण्यांसारखी कौतुकाने घेत होती. आता मात्र धोक्याचं पाणी मागे पडलं होतं. तिने देवीपुढे नारळ फोडला आणि रबाळ्याच्या सोसायटीत दारोदार पेढे वाटले.

वरच्या मजल्यावरचे चंद्रशेखर तेवढे गावाला गेलेले. उमेदीची सगळी वर्षं नौदलाच्या पाणबुडीत काढलेला माणूस, बोलायला अगदी कंजूष. ते परतल्यावर ती राखून ठेवलेला पेढा घेऊन वर गेली. आनंदाची बातमी त्यांनी ऐकून घेतली आणि सामुद्रधुनीतून जाताना जहाज रिकामं होतं का, एवढंच विचारलं. ती हसून म्हणाली, रिकामंच, तेल भरायलाच तर गेलंय. त्यांनी पेढा न खाता हातातच ठेवला.

काय ते सांगा, म्हणून ती दारातच अडून बसली. त्यांनी टाळाटाळ केली, चहा विचारला, गावाकडच्या उन्हाचं काढलं. ती हलेना, तेव्हा हळूच बोलले.

"वहिनी, पाणबुडीत टॉर्पेडो मोजकेच असतात. आणि एक सोडला की आपली जागा कळते. रिकाम्या जहाजावर कोण घालवणार? आम्हाला शिकवलंच होतं, रिकामं जाऊ द्यायचं. भरून परत येईल तेव्हा मारायचं."

"पन आधी ती लढाईची जहाजा मारतील ना, भाऊ?"

"आधी तेल. तेल तुटलं की लढाईची जहाजं आपसूक बंदरात बसतात."

जाण्याचा उज्वलाने सण केला होता, आणि खरं मरण परतीच्या वाटेवर बसलं होतं. जिन्यातच बसून ती फोन लावत राहिली. लागेना. घाईत भलतेच नंबर लागत होते. कितीतरी वेळाने हरेशचा आवाज आला. तो मजेत होता, निदान तसा बोलत होता. आईचा गुडघा कसा आहे, पाणी वेळेवर येतं का, सगळी चौकशी चालली होती. तिने त्याला मध्येच तोडलं.

"जहाज भरला का?"

मागे इंजिनाची घरघर चालली होती.

"कोनी सांगला तुला?"

म्हणजे याला सगळं आधीपासून ठाऊक होतं.

"उतर तू. आत्ताच्या आत्ता उतर. सांग त्यांना, बायको आजारी हाय."

"धक्क्याचं दोर सोडलं गो मगाशीच, जहाज निघाला," हरेश म्हणाला. "फोन ठेवू नको. रेंज हाय तवर बोलत रव. माला पन भ्या वाटतं."

आणि एरवी नवऱ्याला तोंड उघडू न देणाऱ्या उज्वलाला एक शब्द सुचेना.